१२० चा रोल, नऊ माणसं आणि अंगण : मिडियम फॉरमॅटवर कुटुंबाचा फोटो

घाटमाथा
कॅमेरा याशिका मॅट १२४जी (१२० च्या रुंद रोलवर ६×६ सेंमीच्या बारा फ्रेम देणारा, दोन काचांचा), काच म्हणजे लेन्स ८० मिमी एफ/३.५ याशिनॉन. शटरची सर्व्हिस झालेली आहे. नोव्हेंबरअखेर सातारा जिल्ह्यातल्या घरी नऊ जणांचा एकत्र फोटो हवाय : आजी-आजोबा, मधल्या पिढीतले चार, तीन मुलं, त्यातलं धाकटं तीन वर्षांचं. घर पूर्वाभिमुख, पुढे ओसरी आणि मोठं अंगण, बाजूला आंबा. शेवटी १६×२० इंची प्रिंट भिंतीवर लागणार आहे.
फिल्म रंगीत घ्यावी की कृष्णधवल? अ‍ॅपर्चर किती? माणसं आंब्याखाली बसवावीत की ओसरीवर? आणि एका रोलमध्ये भागेल का? डिजिटलवर काढा हा सल्ला कृपया नको, तो घरातून मिळालेला आहे.

निगेटिव्ह_नाना
आधी जागा ठरवा, बाकी सगळं तिच्यावरून ठरतं.
आंब्याखाली नको. दाट झाडाखाली दोन गोष्टी बिघडतात. एक, पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे : कपाळावर एक ठिपका आणि गालावर सावली, आणि दोन्हींत चार-चार स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्ह तो पेलते, पण प्रिंटवर माणूस कोड आल्यासारखा दिसतो. दुसरं, उजेड वरून येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि हनुवटीखाली खालच्या गवताचा हिरवा रंग चढतो.
तुमचं घर पूर्वेकडे तोंड करून आहे हे उत्तम. दुपारी चारनंतर घराची सावली अंगणावर पसरते. माणसं ओसरीच्या अगदी कडेला, तोंड अंगणाकडे. वर ओसरीचं छप्पर असल्याने डोक्यावरचा उजेड अडतो, समोर पूर्वेचं मोकळं आकाश असल्याने उजेड समोरून आणि मऊ येतो. डोळ्यांत चमक दिसते, सुरकुत्या ओरबाडल्यासारख्या दिसत नाहीत. मागे ओसरीचा अंधार, म्हणजे पार्श्वभूमीची चिंताच मिटली.
फक्त माणसांना ओसरीत आत सरकू देऊ नका. छपराच्या कडेपासून एक मीटर आत गेलं की दीड-दोन स्टॉप उजेड सहज पडतो. आजोबा खुर्ची मागे ओढतातच, त्यामुळे खुर्चीच्या पायांशी खडूने खुणा करून ठेवा.
नोव्हेंबरअखेर तुमच्याकडे सूर्यास्त सहाच्या आसपास. कामाचा वेळ सव्वाचार ते सव्वापाच. त्यानंतर उजेड भराभर उतरतो आणि दर दहा मिनिटांनी मीटर बघावा लागतो.

पर्णिका
नानांना +१. कोकणातल्या मंडळींसाठी जोड : जांभ्याचं अंगण किंवा लाल माती असेल तर खालून तांबूस उजेड मारतो. रंगीत फिल्मवर पांढरं धोतर गुलाबी दिसतं आणि हनुवट्या तांबड्या. स्कॅनमध्ये ते पूर्ण निघत नाही, कारण वरचा उजेड निळसर आणि खालचा तांबूस. एक दुरुस्त करावा तर दुसरा बिघडतो. पुढच्या रांगेसमोर, फ्रेमच्या बाहेर, पांढरी चादर अंथरली की काम होतं. हनुवटीखालची सावलीही उजळते.

अर्धा_स्टॉप
आता आकडे. ८० मिमीची काच ६×६ वर, निगेटिव्हची खरी रुंदी ५६ मिमी. ५ मीटरवरून चौकटीत साडेतीन मीटर रुंदी मावते. मागे पाच, पुढे चार अशा दोन रांगा केल्या तर खांद्याला खांदा लावून अडीच मीटर लागतात. म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर मोकळा. जवळ जाऊ नका : ३ मीटरवरून पुढचे मोठे आणि मागचे लहान दिसायला लागतात, कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात.
१६×२० साठी चौकोनी निगेटिव्हमधून साधारण ५६×४५ मिमीचा तुकडा वापरला जाईल. म्हणजे साडेतीन मीटर रुंदीला उंची २.८ मीटर. डोक्यावर आणि पायाखाली जागा सोडूनच चौकट लावा, वरची-खालची कापली जाणार आहे. वाढ होते सुमारे ९ पट.
९ पट वाढ म्हणून डेप्थचं, म्हणजे कुठून कुठपर्यंत सगळं स्पष्ट येतं त्याचं, गणित कडक धरायला हवं. काचेवर कोरलेली डेप्थची पट्टी छोट्या प्रिंटच्या हिशेबाने असते. भिंतीवरचा फोटो लोक नाक लावून बघतात. निगेटिव्हवर चालेल असा धूसर ठिपका ०.०२५ मिमी धरून ५ मीटरवर :
एफ/३.५ : ४.७ ते ५.४ मी
एफ/५.६ : ४.५ ते ५.६ मी
एफ/८ : ४.३ ते ५.९ मी
एफ/११ : ४.१ ते ६.४ मी
पुढच्या रांगेचे डोळे आणि मागच्या रांगेचे डोळे यांत ६०-७० सेंमी अंतर पडतं. पूर्ण उघड्या काचेवर ते जेमतेम मावतं किंवा मावतही नाही, आणि कोणी पुढे झुकलं की संपलं. एफ/८ लावा. तिथे पुढे ६५ आणि मागे ९० सेंमी मिळतात. शिवाय ही चार भिंगांची काच उघडी असताना कोपऱ्यांत मऊ असते, एफ/८ ते एफ/११ ला चोख. तुमच्या कोपऱ्यांत माणसं आहेत, पानं नाहीत.
मिडियम फॉरमॅट म्हणजे मागचं सगळं विरघळलेलं, असं डोक्यात घेऊन लोक एफ/२.८ ला गटाचे फोटो काढतात आणि काकू धूसर येतात. तो खेळ एकट्यादुकट्याच्या फोटोसाठी ठेवा.

पर्णिका
रांग कमानीसारखी केली तर? सगळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील ना?

अर्धा_स्टॉप
ही सूचना स्टुडिओवाले पिढ्यानपिढ्या देतात, पण फोकसचा पडदा सपाट असतो, फिल्मला समांतर. काच सपाट क्षेत्रासाठी दुरुस्त केलेली असते. कमान केली की कडेची माणसं त्या पडद्याच्या पुढे येतात. सरळ रांगच बरी. फक्त कडेच्या दोघांनी खांदे किंचित आत वळवावेत, ते दिसायला छान म्हणून, पाय जागेवरच.

निगेटिव्ह_नाना
कमान नको, मान्य. ८० ला तुमचंच बरोबर.

फिक्सर
फिल्म. मी सरळ इलफर्डची कृष्णधवल एचपी५ प्लस सांगतो. ४०० चा वेग (आयएसओ, आकडा मोठा तेवढा कमी उजेड पुरतो), चुका पोटात घालते, घरी धुता येते. डेल्टा ४०० चा दाणा थोडा बारीक आहे, पण ६×६ वर ९ पट वाढीला एचपी५ चा दाणा दिसला तरी खुपत नाही. एफपी४ प्लस सुंदर आहे, पण १२५ चा वेग म्हणजे दीड स्टॉपहून जास्त तोटा. ओसरीवर पाचच्या सुमाराला एफ/८ ला तुम्ही १/३० वर याल आणि तीन वर्षांचं मूल १/३० ला थांबत नाही.
फिल्टरबद्दल सावध. लाल फिल्टर लावला तर तीन स्टॉप जातात, ओठ पांढरे पडतात आणि आजींच्या कपाळावरचं कुंकू गायब होतं. अक्षरशः गायब : लाल फिल्टरमधून लाल आणि त्वचा जवळपास एकाच करड्या छटेत उतरतात. पिवळसर-हिरव्या फिल्टरने उलट होतं, कुंकू गडद उठून दिसतं आणि पानं उजळतात. किंमत साधारण एक-दीड स्टॉप. सावलीत मी काहीच लावत नाही. ऑर्थो फिल्म माणसांसाठी घेऊ नका. तिला लाल दिसत नाही, त्यामुळे कुंकू काळं, ओठ काळे, उन्हात रापलेले चेहरे दोन छटा अधिक काळवंडलेले. आपल्याकडच्या त्वचेवर ते फार वाईट दिसतं.

निगेटिव्ह_नाना
फिक्सर, असहमत. आजींची पैठणी, मुलांचे झगझगीत कपडे, ओसरीचा निळा रंगवलेला खांब हे सगळं करड्यात घालवायचं? अशा फोटोला कोडॅकची रंगीत पोर्ट्रा ४०० च. ती खास त्वचेसाठी बांधलेली फिल्म आहे : कॉन्ट्रास्ट कमी, रंग आवरलेले. फुजीची प्रो ४००एच हा दुसरा पर्याय होता, ती बंद झाल्याचं जानेवारी २०२१ मध्येच जाहीर झालं. गोल्ड २०० ही २०२२ पासून १२० मध्ये मिळते. स्वस्त आहे, पिवळ्याकडे झुकते. संध्याकाळच्या उन्हात गोड दिसते, सावलीत मात्र तिचा पोर्ट्राच्या निम्मा वेग अपुरा पडतो. एक्टार १०० माणसांना नको, तांबूस गाल टोमॅटोसारखे होतात.
स्लाइड फिल्मही नको. अर्धा स्टॉप चुकला की पांढरे कपडे जळाले.

फिक्सर
कुंकवाची छटा आणि खांबाचा निळा एवढ्यासाठी रोल लॅबला पाठवायचा आणि तिथल्या रसायनावर भरवसा ठेवायचा. असो. दोन रोल घ्या, एक-एक घ्या, भांडण मिटेल.

घाटमाथा
दोन्ही घेतो. मग मोजायचं कसं? १२४जी मधला मीटर चालू आहे, पण काटा दर वेळी वेगळं सांगतो.

फिक्सर
तो मीटर विसरा. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बांधलेला आहे, ते सेल आता मिळत नाहीत. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की चूक होते, आणि सेल उतरत जातो तशी चूकही बदलते. झिंक-एअरचे सेल व्होल्टेजला जवळ आहेत, पण पन्नासेक वर्षं जुन्या सीडीएस सेलवर (मीटरमधला उजेड मोजणारा भाग) कशाला विसंबायचं.
हातातला मीटर असेल (जुना सेकॉनिकसुद्धा चालेल) तर पांढरा घुमट लावून, माणसाच्या हनुवटीशी धरून, घुमट कॅमेऱ्याकडे. हे पडणाऱ्या उजेडाचं माप आहे, म्हणून आजोबांचं पांढरं धोतर आणि मागचा अंधार यांनी फसत नाही. दोन्ही टोकांच्या आणि मधल्या माणसापाशी अशी तीन मापं. फरक अर्ध्या स्टॉपहून जास्त असेल तर माणसं सरकवा.
मोबाइलवरचं अ‍ॅप परतलेला उजेड मोजतं. ओसरीचा अंधार चौकटीत आला की ते दोन स्टॉप जास्त उजेड द्यायला सांगेल. पांढरे कपडे भरले की उलटं. त्यावर उपाय : माणसं उभी आहेत तिथे आपला तळहात कॅमेऱ्याच्या दिशेने धरा, फक्त तळहात मोजा आणि आलेल्या आकड्याला एक स्टॉप उघडा. तळहात करड्या कार्डापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, तो आपला असो वा आजींचा.
मोकळ्या सावलीत चारच्या सुमाराला ४०० ला एफ/८, १/२५० च्या आसपास येईल. पाचला १/१२५ किंवा १/६०.

अर्धा_स्टॉप
पोर्ट्रा ४०० मीटरवर २०० किंवा ३२० लावून मोजा. रंगीत निगेटिव्हला दोन स्टॉप जास्त उजेड सहज पचतो; कमी पडला की सावल्यांत राखाडी-हिरवट चिखल होतो आणि गडद केस, काळ्या किनारी त्यातच बुडतात. एचपी५ सावलीत ४०० लाच ठेवा. दोन्हींना पुश करू नका (वेग जास्त धरून काढणं आणि जास्त वेळ धुणं), दिवस असताना त्याची गरज नाही.

सांजवेळ
गटासाठी मामियाच्या आरबी ६७ चा विचार? तिचं मागचं कवच फिरतं, आडवं-उभं कॅमेरा न हलवता होतं. ६×७ चं निगेटिव्ह १६×२० च्या आकाराला जवळजवळ नेमकं बसतं, कापावं लागत नाही.

निगेटिव्ह_नाना
सांजवेळताई, चौकटीचं बरोबर. पण ९० मिमीची काच आणि कंबरेचा फाइंडर धरून ती अडीच किलोच्या पुढे जाते, रोलमध्ये दहाच फ्रेम आणि आरसा धाडकन वाजतो. भक्कम तिवई आणि आरसा आधी वर उचलणारी केबल हवी. काढली तर ९० मिमी घ्या. १२७ मिमीने ५ मीटरवर पावणेतीन मीटरच मावतं. आणि एक : आरशाच्या कॅमेऱ्यात क्लिकच्या क्षणी फाइंडर काळा होतो. याशिकासारख्या दोन काचांच्या कॅमेऱ्यात वरची काच उघडीच राहते, त्यामुळे कोणाची पापणी मिटली ते तेव्हाच दिसतं. नऊ माणसांच्या फोटोत हे फार मोलाचं आहे.
ज्यांना कोणी हॅसलब्लाड उसनी देत असेल त्यांनी मागचं फिल्मचं मॅगझिन लावून डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी पातळ पट्टी) काढायला विसरू नये. स्लाइड आत असताना शटर उडत नाही आणि लोक कॅमेरा बिघडला म्हणून बटण दाबत बसतात.

सांजवेळ
परदेशातून फिल्म आणणाऱ्यांना सूचना : विमानतळांवर आता सामान तपासायला सीटी यंत्रं बसताहेत, ती फिल्मला धुकट करतात, वेग कितीही असो. रोल पारदर्शक पिशवीत घालून हाताने तपासायला सांगा. चेक-इन बॅगेत तर घालूच नका.

बारावी_फ्रेम
रोल चढवणं कोणी लिहिलं नाही, आणि निम्मे फोटो तिथेच जातात. १२४जी साठी :
मागचं दार उघडलं की दाबपट्टी बघा. ती सरकते, १२० आणि २२० अशा दोन जागा आहेत. ती १२० वर असायलाच हवी. २२० च्या रोलला मागे कागद नसायचा म्हणून त्या जागी फट कमी असते. तिथे १२० घातला की फिल्म ओढायला जड जाते आणि सपाटपणाही बिघडतो. जुना कॅमेरा घेताना पट्टी नेमकी चुकीच्या जागी असते.
रिकामी रीळ वर, नवा रोल खाली. रोलची कागदी पट्टी फाडायच्या क्षणापासून अंगठा रोलवर ठेवा, तो सैल होता कामा नये. कागदाचं टोक वरच्या रिळाच्या खाचेत घालून एक-दीड वेढा सरळ बसला आहे ना ते बघा. तिरका गेला तर पुढे कागद एका कडेने फुगतो. मग हँडल फिरवत राहा. कागदावरचा आडवा बाण आतल्या सुरुवातीच्या खुणांसमोर आला की थांबा. दार बंद करा. पुन्हा फिरवा, १ वर आपोआप थांबतं.
काम सावलीत करा, छत्रीखाली चालेल. उन्हात नाही.
बारा झाले की शेवटपर्यंत फिरवा. ताण सुटल्याचं हाताला कळतं. रोल काढताना तो आपणहून उलगडू पाहतो. तेव्हा घट्ट धरून चिकटपट्टी ओली करून लावा. सैल राहिला तर कडेने उजेड शिरतो आणि निगेटिव्हच्या दोन्ही काठांवर काळे पट्टे येतात. सैल वाटला म्हणून हाताने पिळून घट्ट करू नका, ओरखडे पडतात.
फ्रिजमधून काढलेला रोल बंद पाकिटातच तास-दीड तास बाहेर ठेवून मग फोडा, नाही तर त्यावर दव धरतं. दमट हवेत, गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डवर पडलेल्या १२० च्या रोलवर मागच्या कागदावरचे आकडे निगेटिव्हवर उमटतात. गालावर ‘७’ आलेला फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट होत नाही.

घाटमाथा
बारावी_फ्रेम, हे प्रिंट काढून ठेवतो. नववा माणूस मीच. कॅमेऱ्यात टायमर आहे, तो वापरू का?

बारावी_फ्रेम
सर्व्हिसवाल्याने टायमर तपासला असं स्पष्ट सांगितलं असेल तरच. जुन्या शटरांतला टायमर अर्ध्यावर अडकतो आणि शटरही सोबत घेऊन बसतो. मग रोल आतच. त्याऐवजी सहा मीटरची रबरी फुग्याची हवेची रिलीज घ्या. फुगा पायाखाली. आधी रिकाम्या कॅमेऱ्यावर १०-१५ वेळा करून बघा, कारण लांब नळीत हवा पोचायला क्षणभर जातो. पाय दाबला की लगेच हलू नये.

निगेटिव्ह_नाना
याहून सोपं : शेजारच्या घरातल्या शहाण्या पोराच्या हातात शटर दाबायची केबल द्या. त्याला एवढंच सांगा की वरच्या काचेत बघ, सगळ्यांचे डोळे उघडे दिसले की दाब. फोकस आणि चौकट तुम्ही लावून गेलेले असता.

पर्णिका
पापण्यांवरून : २००६ चं गणिताचं इग नोबेल (गमतीदार संशोधनाचं बक्षीस) ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना याच हिशेबासाठी मिळालं होतं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांची संख्या भागिले तीन, कमी उजेडात भागिले दोन, एवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची बऱ्यापैकी खात्री. नऊ जणांना तीन ते पाच. तीन वर्षांच्या मुलाचा हिशेब त्यात नाही, म्हणून सहा धरा.

अर्धा_स्टॉप
म्हणजे एका रोलमध्ये : सहा पूर्ण गटाचे, दोन आजी-आजोबांचे, दोन मुलांचे, दोन राखीव. मुलं आधी घ्या, ती वीस मिनिटांत कंटाळतात. दुसरा रोल लगेच चढवायचा असेल तर तो आधीच पाकिटाबाहेर, खिशात.
फोकस : वरच्या झाकणातलं भिंग उघडून, पुढच्या रांगेतल्या मधल्या माणसाच्या डोळ्यांवर लावा, मग किंचित मागच्या रांगेकडे. अंधुक काचेवर डोळे सापडत नसतील तर त्यांच्या चेहऱ्याजवळ वर्तमानपत्र धरायला सांगा, मथळ्याच्या अक्षरांवर लावा. चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे “थोडं डावीकडे” म्हणताना स्वतः हात करून दाखवा.
तिवईची उंची बसलेल्यांच्या डोळ्यांएवढी, सव्वा मीटरच्या आसपास. कॅमेरा वर-खाली कलवू नका. ओसरीचे खांब लगेच आत झुकतात.
वरच्या आणि खालच्या काचेत चार-पाच सेंमीचा फरक आहे. ५ मीटरवर तो विसरा. पण आजींचा १ मीटरवरून चेहरा घ्याल तेव्हा चौकट ६५-७० सेंमीची असते आणि खरा फोटो तुम्हाला दिसतो त्याच्या थोडा खाली पडतो. डोक्यावर जास्त जागा सोडा, नाहीतर अंबाडा कापला जाईल.

पर्णिका
फ्लॅश लागेल का? अंगणातल्या उन्हात काढायची वेळ आली तर?

अर्धा_स्टॉप
ओसरीवर नको. उन्हात, सूर्य पाठीशी घेऊन, चेहरे सावलीत असतील तर थोडा भरीव उजेड लागतो. याशिकाचं शटर काचेत असल्याने १/५०० पर्यंत कुठल्याही वेगाला फ्लॅश जुळतो. हे सुख पेंटॅक्स ६७ ला नाही, तिथे पडदा-शटर, १/३० च्या वर अर्धी फ्रेम काळी.
पण ४०० ची फिल्म उन्हात अडचणीची. सूर्यप्रकाशात ४०० ला एफ/१६, १/४०० लागतं. एफ/४ हवं तर १/६४०० हवं, ते या कॅमेऱ्यात नाही. उन्हात काढायचं ठरलंच तर पोर्ट्रा १६० घ्या.
फ्लॅशचा हिशेब : समजा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला अंतराने भागलं की एफ/ येतो) ३६, आयएसओ १०० ला, मीटरमध्ये. ४०० ला तो ७२ होतो. ४ मीटरवरून पूर्ण ताकदीला एफ/१८ एवढा उजेड. तुम्ही एफ/८ वर आहात आणि फ्लॅश दोन स्टॉप कमी हवा, म्हणजे एफ/४ एवढा. १/१६ ताकद लावली की एफ/४.५ येतो, पुरे. छत्रीतून मारलात तर दीड-दोन स्टॉप जातात, मग १/४. जुन्या काचांवर एम-एक्सची कळ (एम जुन्या बल्बसाठी, एक्स आजच्या फ्लॅशसाठी) असेल तर ती एक्स वर. एम वर राहिली तर फ्लॅश शटर उघडण्याआधीच उडून जातो आणि निगेटिव्हवर त्याचा पत्ताच लागत नाही.
सूर्य पाठीशी असेल तर काचेला हूड हवंच. या काचांवरचा लेप आजच्या मानाने साधा आहे, धुकं पसरतं. हूड बेयोनेट-१ मापाचं घ्या.

फिक्सर
एचपी५ घरी धुणार असाल तर : डेव्हलपर आयडी-११, १+१ (एक भाग द्राव, एक भाग पाणी), २०° ला १३ मिनिटं. पॅटरसन टाकीत १२० च्या एका रोलला ५०० मिली. पहिली दहा सेकंद चार वेळा उलटं-सुलटं, मग दर मिनिटाला तेच. दर वेळी टाकी ओट्यावर टकटक आपटा, बुडबुडे सुटतात.
नोव्हेंबरातही नळाचं पाणी २४-२५° असतं. एक तर बादलीत बर्फाच्या पिशव्या ठेवून बाटल्या २० वर आणा, नाहीतर २४° धरून वेळ सुमारे ९ मिनिटं करा. सगळी पाणी-रसायनं मात्र एकाच तापमानाची, शेवटच्या धुण्यापर्यंत.
रिळावर चढवताना १२० मध्ये एक खोच आहे : फिल्म एका टोकाला कागदाला पट्टीने चिकटवलेली असते. तिथे पोचलं की पट्टी अंधारात सावकाश सोलायची. झटकन ओढली तर स्थिर विजेची ठिणगी पडून फिल्मवर ओरखड्यासारखी रेष येते.
मग फिक्सर (चित्र कायम करणारं रसायन) १+४, ५ मिनिटं. बोअरवेलचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरे डाग पडतात. शेवटची बुडी आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात, ओलावा पसरवणाऱ्या द्रावाचे दोनच थेंब. गरम पाण्याने अंघोळ करून वाफ बसलेल्या बाथरूममध्ये टांगा, धूळ खाली बसलेली असते.

सांजवेळ
पोर्ट्राचा रोल लॅबला द्याल तेव्हा आधी विचारा की १२० किती वेळा धुतात. सी-४१ चा (रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या पद्धतीचा) डेव्हलपर ३७.८° ला सव्वातीन मिनिटं असतो, पाव अंशाचीही चूक त्याला चालत नाही. आठवड्यातून एखादाच रोल येणाऱ्या ठिकाणी रसायन शिळं असतं, रंग एकीकडे झुकतात. कुरिअरने मोठ्या शहरात पाठवणं परवडतं. रोल झिपलॉकमध्ये, आणि काढल्यावर महिनाभर ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

अर्धा_स्टॉप
स्कॅन. १६×२० साठी ५६ मिमीचे किमान ४५००-५००० पिक्सेल हवेत. सपाट स्कॅनरच्या डब्यावर ६४०० लिहिलेलं असतं, खरं मिळतं त्याच्या निम्म्याहून बरंच कमी. लॅबकडून मोठं स्कॅन मागा, किंवा २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने मॅक्रो काच एफ/८ ला लावून, ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असलेल्या दिव्याच्या पाटीवर काढा. फक्त ५६×४५ चा तुकडाच चौकटीत भरलात तर लांब बाजूला पाच हजाराच्या आसपास पिक्सेल येतात. निगेटिव्ह कुरळी असेल तर दोन दिवस जाड पुस्तकात दाबून ठेवा. काचेला चिकटली तर इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात.

घाटमाथा
शेवटचं : त्या दिवशी ढग आले तर?

निगेटिव्ह_नाना
मग ओसरी सोडून अंगणात या. ढगाळ आकाशाचा उजेड वरून येतो, म्हणून कॅमेरा थोडा उंच घ्या, सगळ्यांना हनुवटी किंचित वर करायला सांगा आणि ती पांढरी चादर पुढे अंथरा. एफ/५.६ वर यावं लागलं तर दोन रांगांमधलं अंतर कमी करा : पुढच्यांना बिनपाठीच्या स्टुलांवर बसवा म्हणजे मागचे त्यांच्या पाठीला चिकटून उभे राहतील. १/६० च्या खाली जाऊ नका. तेवढंही मिळत नसेल तर धाकट्याला कोणाच्या तरी मांडीवर घट्ट धरायला द्या.